विक्रोळीची कळ, जुहूचे अक्षर

विक्रोळी, पवई आणि जुहू ही मुंबईच्या उपनगरांतली तीन ठिकाणे. विक्रोळीला कारखाने उभे राहिले, पवईला आयआयटी आली आणि जुहूला सरकारी संगणक संशोधन संस्था. मराठी अक्षर संगणकाच्या कीबोर्डवर कसे आले आणि कोणाकोणाच्या बोटांपर्यंत पोचले, या कहाणीतली मोठी वळणे या तीन ठिकाणी आली. कानपूर आणि पुण्याचा वाटाही मोलाचा आहे, तो ओघात येईलच. पण ही कहाणी सहसा मुंबईच्या नावावर सांगितली जात नाही. आणि सांगितली गेली तरी ज्यांना पडदा दिसत नाही किंवा ज्यांचा एक हात चालत नाही, ती माणसे तिच्यात नसतात. माझ्या मते कहाणीचा खरा कस तिथेच लागतो.

सुरुवात १९५५ पासून करू. त्या साली गोदरेज अँड बॉयसने भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर बाजारात आणला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या विक्रोळीत तयार करणारी ही कंपनी. कुलपे, तिजोऱ्या, कपाटे झाली. आता शेकडो बारीक सुट्या भागांचे, दर ठोक्याला एकाच जागी आपटणारे यंत्र करायचे होते. तोवर आपली कचेरी रेमिंग्टनसारख्या परदेशी नावांवर चालत होती. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत मराठी टाइपरायटरची खडखड सुरू झाली. 'लिपिक-टंकलेखक' हे पद म्हणजे मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींचा पहिला आधार. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत स्टेशनाजवळच्या जिन्यावर टायपिंगचा क्लास असायचा. मराठी ३०, मराठी ४० असे आकडे पाट्यांवर असत. ते मिनिटाला इतके शब्द, अशा सरकारी परीक्षेचे आकडे.

यंत्रापुढे अडचण होती ती अक्षरसंख्येची. इंग्रजीची अक्षरे २६. शिफ्ट धरली की मोठी लिपीही त्याच कळांवर बसते. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, रफार आणि वर जोडाक्षरे. इतक्या कळा कुठून आणणार? तेव्हा अक्षराचे तुकडे केले गेले. 'भ'साठी स्वतंत्र कळ नाही. अर्धा 'भ्' उठवायचा आणि त्याला दुसऱ्या कळेने काना जोडायचा. 'ख', 'ध', 'श', 'ण' यांचेही तेच. वरची-खालची मात्रा उमटवताना गाडा पुढे सरकत नसे, म्हणजे ती त्याच अक्षरावर बसायची. आणि 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी, 'क' नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. यंत्राला उच्चाराशी कर्तव्य नव्हते. कागदावर चित्र नीट उमटले की काम झाले. त्या काळच्या अडचणी पाहता हा तोडगा अतिशय कल्पक होता आणि ज्यांनी तो काढला त्यांच्याविषयी मला आदरच आहे.

टाइपरायटरचा आणि अंध माणसाचा संबंध फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत पेलेग्रिनो तुर्री याने एका दृष्टी गेलेल्या उमराव स्त्रीला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत म्हणून यंत्र केले. तिने त्यावर लिहिलेली पत्रे आजही जपलेली आहेत. क्लासमध्ये शिकवली जाणारी पद्धतही न बघता टाइप करण्याचीच. त्यामुळे आपल्याकडे अंध विद्यार्थ्यांना टंकलेखन आणि लघुलेखन शिकवले गेले, त्यावर नोकऱ्या मिळाल्या. फक्त एक गोष्ट राहून जायची. लिहिलेले त्यांना परत वाचता येत नसे. कागद दुसऱ्याच्या हातात द्यावा लागे.

ती उणीव संगणकाने भरून निघायला हवी होती, आणि इंग्रजीपुरती ती निघालीही. डॉसचा संगणक सगळा कीबोर्डवर चालायचा. पडद्यावर नुसती अक्षरे, ती बोलून दाखवणारा प्रोग्राम केला की झाले. अमेरिकेत टेड हेंटर या मोटारसायकल शर्यतपटूची दृष्टी १९७८ साली अपघातात गेली. पुढे त्यानेच भागीदारासह कंपनी काढून 'जॉज' हा पडदावाचक प्रोग्राम १९८९ मध्ये आणला. मग विंडोज आले. चित्रे, चिन्हे, आणि बाण नेऊन टिचकी मारायचा माऊस. ज्याला बाण दिसत नाही त्याने काय करायचे? मेनूतल्या एका अक्षराखाली रेघ असते, ऑल्ट धरून ते अक्षर दाबले की मेनू उघडतो. टॅबने पुढच्या चौकटीत जाता येते, शिफ्ट-टॅबने मागे. स्पेसबारने खूण होते. ही सोय अनेकांना जलद काम करण्याची युक्ती वाटते. अंध माणसाला मात्र आत शिरायला तेवढेच दार आहे.

विंडोज ९५ मध्ये आणखी एक सोय थेट आत बसवलेली आली. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की एक आवाज होतो आणि चौकट उघडते: 'स्टिकी कीज'. उपनगरातल्या सायबर कॅफेत गेम खेळणाऱ्या मुलांनी ही चौकट शेकडो वेळा वैतागून बंद केली असेल. ती कोणासाठी होती? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ग्रेग व्हँडरहायडन यांचे ट्रेस केंद्र अपंग व्यक्तींसाठी संगणकाच्या सोयी घडवत होते, तिथल्या कामातून ती आली. ज्याला एका हाताने, एका बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टाइप करावे लागते, त्याला दोन कळा एकदम दाबता येत नाहीत. स्टिकी कीज चालू असेल तर शिफ्ट आधी दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचे. संगणक दोन्ही एकत्र धरतो. तशीच उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की हात थरथरणाऱ्या माणसासाठीची सोय चालू होते. चुकून दाबल्या गेलेल्या कळा संगणक सोडून देतो. पुढे मराठीच्या संदर्भात ही शिफ्ट फार महत्त्वाची ठरते.

मराठीत मात्र याच काळात उलटी गंगा वाहत होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आली. पुण्याच्या मॉड्युलरची श्री-लिपी, बंगळूरची आकृती, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची साधने, हिंदीकडून आलेला कृतिदेव. अंधेरी असो की बोरिवली, लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळे त्यांवर होऊ लागले. खिळे जुळवणाऱ्या हातांतून मराठी छपाई सुटली, ही लहान गोष्ट नव्हे. पण यातल्या बहुतेक फाँटांच्या पोटात टाइपरायटरच बसला होता. अक्षराच्या तुकड्यांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली.

कृतिदेवमध्ये 'भारत' हा शब्द बघा. त्यासाठी कळा दाबाव्या लागतात शिफ्टसह एच, मग के, के, जे, आर. एच म्हणजे अर्धा 'भ्', पहिला के म्हणजे त्याचा दंड, दुसरा के म्हणजे काना, मग 'र', मग 'त'. पडद्यावर सुबक 'भारत' दिसतो. संगणकाने साठवलेले असते ते मात्र एच के के जे आर. डोळ्यांना 'भारत' आणि यंत्राला पाच निरर्थक इंग्रजी अक्षरे. 'मराठी' टाइप करा, साठवले जाते ई जे के, मोठा बी आणि लहान एच. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फाँट नसला की ही लबाडी उघडी पडायची. पडद्यावर इंग्रजीची जत्रा. शब्द शोधता येत नसे, यादी अकारविल्हे लागत नसे. आणि अंध माणसाचा पडदावाचक? तो बिचारा साठवलेले तेच वाचणार. मराठी पानावर नेला की एच, के, के, जे, आर असा उच्चार न करता येणारा मजकूर बडबडायचा. डोळसाच्या दृष्टीने मराठी संगणकावर आली होती. ऐकून वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती आलीच नव्हती. जवळजवळ दोन दशके ही दरी राहिली आणि तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही, याची खंत वाटते.

या दरीवरचा उपाय मात्र आधीच तयार होता. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकात मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी 'जिस्ट' हे तंत्र घडवले. ते पुढे सी-डॅकबरोबर पुण्याला आले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये 'इन्स्क्रिप्ट' हा कीबोर्डचा आराखडा ठरवला आणि १९९१ मध्ये तो अक्षरसंकेतांसह भारतीय मानक झाला. यामागचा विचार टाइपरायटरच्या अगदी विरुद्ध होता. दंड, तुकडे, चित्रे काही नको. यंत्राने साठवायचे ते अक्षर, आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. 'कि' म्हणताना आधी क आणि मग इ ऐकू येतो, म्हणून आधी 'क' दाबायचा, मग वेलांटी. ती पडद्यावर डावीकडे काढायची जबाबदारी संगणकाची. डोळ्याच्या क्रमावरून कानाच्या क्रमावर आलेले हे स्थित्यंतर या सगळ्या इतिहासाचा कणा आहे असे मी मानतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने देवनागरी घेतली ती याच भारतीय अक्षरसंकेतांच्या पायावर.

इन्स्क्रिप्टची मांडणी हाताला लगेच कळते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतेक उजव्या हाताकडे. के या कळेवर 'क', शिफ्ट धरली की 'ख'. आयवर 'ग' आणि 'घ', ओवर 'द' आणि 'ध', एलवर 'त' आणि 'थ'. 'भारत' आता चार कळांत होतो: शिफ्टसह वाय, मग ई, जे, एल. आणखी एक गोष्ट अशी की बहुतेक सगळ्या कीबोर्डांवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. न बघता टाइप करणारा तर्जनी तिथे टेकवतो, अंध माणूस तिथूनच सारा कीबोर्ड मोजतो. कृतिदेवमध्ये या दोन कळांवर पहिली वेलांटी आणि 'र' येतात. इन्स्क्रिप्टमध्येही तेच! बाकी बहुतेक सारे बदलले, तर्जनीखालची दोन अक्षरे मात्र दोन्हीकडे सारखी.

आता शिफ्टकडे परत येऊ. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे महाप्राण शिफ्टवर. 'ळ', 'ण', 'श' शिफ्टवर. शब्दारंभीचा 'अ', 'आ', 'इ' शिफ्टवर. इंग्रजी लिहिणारा वाक्याच्या सुरुवातीला आणि नावापुरती शिफ्ट धरतो. मराठी लिहिणाऱ्याला ती शब्दाशब्दाला लागते. एका हाताने लिहिणाऱ्या मराठी माणसाला स्टिकी कीज किती लागते, हे यावरून ध्यानात येईल. इंग्रजीच्या गरजेतून निघालेली ती सोय मराठीत दुप्पट उपयोगाची आहे. टंकलेखनाच्या किंवा संगणकाच्या क्लासात ती शिकवायलाच हवी.

पण आराखडा ठरला, संकेत ठरले, तरी पडद्यावर अक्षर काढायचे कोणी? इथे जुहू येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका संगणक केंद्रातून १९८५ साली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही स्वतंत्र संस्था झाली, डॉ. एस. रमाणी तिचे संचालक, ठिकाण जुहूचा गुलमोहर रस्ता. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. या संस्थेत संगणकशास्त्रज्ञांबरोबर बसणारा एक माणूस निराळाच होता: र. कृ. जोशी. जे. जे.च्या परंपरेतले सुलेखनकार, जाहिरात क्षेत्र गाजवलेले कलादिग्दर्शक, मराठीतले प्रयोगशील कवी. वेलकमग्रुप या हॉटेलसमूहाचे जोडलेल्या हातांचे बोधचिन्ह त्यांचेच. १९८३ पासून ते पवईला आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत होते. बोरूने अक्षर काढणारा हा माणूस संगणकाला बिचकला नाही; जुहूच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी 'विन्यास' या अक्षररचनेच्या प्रणालीवर काम केले.

मग मायक्रोसॉफ्टसाठी त्यांनी 'मंगल' घडवला. २००० सालच्या फेब्रुवारीत विंडोज २००० बाहेर पडले. त्यात हिंदी, मराठी, कोंकणी, संस्कृत युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागले आणि पडद्यावर दिसला तो मंगल. त्याच्या सौंदर्यावर मतभेद आहेत, पण त्याने केलेले काम थोर आहे. संगणकाकडे कानाच्या क्रमाने आलेली अक्षरे डोळ्याच्या क्रमाने मांडायची, वेलांटी उचलून डावीकडे न्यायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवायचा. मराठीला तर आडवा अर्धा 'र'ही हवा. नाहीतर आचाऱ्यांना दिलेले निमंत्रण आचार्यांना जाईल. लेखणीने हे करायला हाताला सवय लागते. इथे प्रत्येक वळण नियम म्हणून यंत्राला सांगावे लागले. इतर अनेक भारतीय लिप्यांचे फाँटही जोशींच्या देखरेखीखाली झाले. २००८ च्या फेब्रुवारीत ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे वारले. त्याच वर्षी युनिकोडमध्ये मराठीसाठी 'ॲ' हे अक्षर दाखल झाले. तोवर 'ॲम्ब्युलन्स' लिहिताना 'ए'वर चंद्र देऊन हिंदी वळणाचे 'ऍ' वापरावे लागे.

सोय आली म्हणून ती वापरात आली असे झाले नाही. विंडोज एक्सपीवर मराठी हवी तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एक खूण करावी लागे, आणि मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. दुकानदाराने जोडून दिलेल्या संगणकाबरोबर ती सीडी कोणाकडे असणार? तिथेच घोडे अडायचे. शिवाय ज्यांची बोटे क्लासमध्ये घडली होती त्यांना वेलांटी नंतर दाबणे म्हणजे वीस वर्षांची सवय मोडणे. ते जुन्या फाँटांवरच राहिले. त्यांना दोष देता येणार नाही; रोजी त्या वेगावर होती.

पवईत याच सुमारास वेगळा प्रश्न विचारला जात होता. ज्याने कधीच टाइप केलेले नाही, त्याला कीबोर्डवर अक्षर सापडणार कसे? प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी औद्योगिक अभिकल्प केंद्रात 'कीलेख' घडवला. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेच्याच ओळींत कळा मांडलेल्या. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. २००४ साली व्हिएन्नातल्या जागतिक परिषदेत त्यावरचा निबंध सादर झाला. कीलेख घरोघरी पोचला नाही. पण त्याच विचारातून पुढे फोनवरचे 'स्वरचक्र' आले: व्यंजनावर बोट ठेवले की त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उघडते. अंध व्यक्तींना ऐकून वापरता येईल असे त्याचे रूपही केले गेले. २०१७ च्या सप्टेंबरात संगणक आणि माणूस यांच्या नात्यावरची 'इंटरॅक्ट' ही आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली, तेव्हा त्याच्या चाचण्यांवर निबंध आला. त्याच्या लेखकांत चारुदत्त जाधव होते. स्वतः दृष्टिहीन, बुद्धिबळपटू, अंधांच्या बुद्धिबळाचे भारतातले संघटक आणि तेव्हा टीसीएसमध्ये अपंगांसाठीच्या संगणक-सोयींच्या कामाचे प्रमुख. ज्याला सोय लागते तोच ती घडवायला बसला आहे, याचे असे उदाहरण आपल्याकडे विरळे.

दृष्टिहीनांच्या हाती डेस्कटॉप खऱ्या अर्थाने आला तो 'एनव्हीडीए'मुळे. जॉजची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने फुकट पडदावाचक लिहायला घेतला. जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला मिळाला. त्याला जोडलेल्या ई-स्पीक या मुक्त वाचाप्रणालीत मराठीही आहे. अंधांसाठी काम करणारी वरळीची 'नॅब' आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये डॉ. सॅम तारापोरवाला यांनी उभे केलेले केंद्र या संस्था मुंबईत आधीपासून कामाला लागलेल्या होत्याच.

पडदावाचकावर काम चालते कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. माऊस कुठेतरी बाजूला पडलेला. तर्जनी एफ आणि जेच्या उंचवट्यावर. इन्सर्ट धरून खाली बाण दाबला की पान सलग वाचले जाते. एच दाबली की पुढचे शीर्षक, एफ दाबली की पुढची भरायची चौकट, बी दाबली की पुढचे बटण. इन्सर्ट-एफ७ दाबली की पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी. वाचणारा आवाज सवयीच्या माणसाने इतका वेगवान ठेवलेला असतो की शेजारी बसलेल्याला अवाक्षर कळत नाही. ऑल्ट-शिफ्ट दाबून कीबोर्ड मराठी करायचा, इन्स्क्रिप्टवर परिच्छेद लिहायचा आणि मग खाली-वर बाण मारत तोच परिच्छेद ओळीओळीने मराठीत ऐकायचा. टाइपरायटरवर बसणाऱ्या अंध लघुलेखकाला जे कधीच मिळाले नाही ते हे: आपले लिहिलेले आपण वाचणे, चूक आपणच दुरुस्त करणे.

गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर करणे थांबवले. तोवर हे काम विक्रोळीहून साताऱ्याकडे शिरवळला गेले होते. २०११ साली ही बातमी जगभर पसरली. यंत्र संपले, पण त्याची पद्धत संपलेली नाही. जुन्या फाँटांत केलेल्या पीडीएफ आजही फिरत असतात: परिपत्रके, नियमावल्या, संस्थांची कार्यवृत्ते, दिवाळी अंकांचे जुने साठे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. माहिती सर्वांना वाचता येईल अशा रूपात देणे त्यात बंधनकारक आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमची गृहनिर्माण संस्था, शाळा, वाचनालय किंवा कचेरी जी मराठी पीडीएफ काढते तिच्यातली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. मराठीच आली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा गोळा आला, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नव्याने करून घ्या. आणि संकेतस्थळावर अर्ज ठेवला असेल तर माऊस काढून ठेवा आणि नुसत्या टॅबने तो शेवटपर्यंत भरता येतो का ते बघा. जिथे अडाल, ती जागा तो अर्ज करणाऱ्याला दाखवा.